निवलेल्या पाण्याचा चहा

ऑकलंडमधल्या मराठी घरांमध्ये नीलांबरी चौबळच्या चहाला मान होता. माउंट रॉस्किलमधल्या तिच्या घरी कुणी नुसतं डबा परत द्यायला आलं तरी चहा घेतल्याशिवाय त्याचा पाय निघत नसे. आलं ठेचायचं तिच्या अंदाजानं, वेलदोडा सालासकट, गवती चहा मागच्या अंगणातल्या कुंडीतला. आणि दूध केव्हा घालायचं ते ती वासावरून ठरवायची. पातेल्याकडे पाठ करून ती भाजी चिरत असायची, गप्पा चाललेल्या असायच्या, आणि मध्येच "हां, सुटला वास," म्हणून वळून दुधाची बाटली उचलायची.

ती मूळची सांगलीची. शिकायला म्हणून न्यूझीलंडला आली आणि इथलीच झाली. ओटाहुहूमध्ये स्टेशनजवळच्या एका फार्मसीत ती फार्मसिस्ट होती. नवरा शंतनू लिफ्टच्या देखभालीचं काम करायचा, मुलगी ऋग्वेदा युनिव्हर्सिटीत शिकत होती. मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात चहाचं पातेलं नीलांबरीच्या ताब्यात असणार, हे कुणी ठरवलेलं नव्हतं. ते तसंच होतं.

बावीस सालच्या मार्चमध्ये घरातल्या तिघांनाही कोविड झाला. ताप गेला, खोकला गेला, शंतनू आणि ऋग्वेदा आठवड्याभरात पूर्ववत झाले. नीलांबरी एका सकाळी फोडणीला हिंग काढायला गेली आणि डबी हातात धरून उभीच राहिली. तिनं डबी नाकाशी नेली. मग नाक डबीत खुपसलं. काही नाही. तिनं लसूण चेचून पाहिली, कॉफीचं बरणीभर चूर्ण हुंगलं, शेवटी शंतनूचे कामाचे मोजे उचलले.

"काय करतेयस?" शंतनूनं विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. आणि ते शब्दशः खरं होतं.

असा वास जातो आणि बहुतेकांचा परत येतो, हे ती स्वतःच दिवसाकाठी दहा गिऱ्हाइकांना सांगत होती. तिचा आला नाही. डॉक्टर म्हणाले, धीर धरा, रोज लवंग, लिंबू, निलगिरी हुंगत जा. ती निष्ठेनं हुंगत राहिली. लवंग म्हणजे एक टोचणारी काडी होती, लिंबू म्हणजे एक गार, गोल वस्तू.

त्या वर्षीच्या गणपतीत तिनं नेहमीप्रमाणे पातेलं चढवलं. इतकी वर्षं केलेला चहा, हात चुकणार नाही अशी तिची खात्री होती. हात चुकलाही नाही. दूध खाली लागलं, इतकंच. तळाला करपलेल्या दुधाचा तो वास हॉलच्या दारापर्यंत गेला होता. पातेल्यावर वाकून उभ्या असलेल्या नीलांबरीला तो आला नाही. तिनं कप भरले, ट्रे फिरले. लोक एक घोट घेऊन हसले, "वा," म्हणाले आणि कप खुर्च्यांखाली ठेवून आरतीला उभे राहिले. कुणी काही बोललं नाही. ऋग्वेदा तेवढी जवळ आली आणि कानाशी हळूच म्हणाली, "आई, इट्स बर्न्ट. डोन्ट सर्व्ह एनीमोअर."

नीलांबरीनं पातेलं स्वयंपाकघरात नेऊन सिंकमध्ये रिकामं केलं. आरती संपेपर्यंत ती तळ घासत होती. लोकांनी तोंड वाकडं केलं असतं तर तिला परवडलं असतं. त्यांनी सांभाळून घेतलं, ते तिला लागलं.

त्यानंतर तिनं चहा सोडला. घरात शंतनू स्वतःसाठी करून घ्यायचा, वाईट करायचा आणि पिऊन टाकायचा. ती गरम पाणी प्यायची. जेवणाचं म्हणाल तर भात मऊ, पापड कुरकुरीत, आमटी ओली, एवढाच फरक उरला होता. खारट-आंबट कळायचं, पण नुसतं कळायचं. त्यात जीव नव्हता. "छान झालंय," असं ती सगळ्याला म्हणायची. वजन उतरलं, तेव्हा मंडळातल्या बायकांनी डाएट विचारलं.

फार्मसीत कुमिको यायची ती रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला. सत्तरी ओलांडलेली, बुटकी, केस बारीक कापलेले. हिवाळ्यातही पायात जँडल्स, म्हणजे रबरी चपला. आपली यूट, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली गाडी, ती फुटपाथच्या कडेला तिरका लावायची आणि कुणी हॉर्न वाजवला तर हात हलवून हसायची. जपानमधल्या शिझुओकाच्या चहामळ्यांतली ही मुलगी ऐन तारुण्यात वायकाटोतल्या एका गाईवाल्याशी लग्न करून इकडे आली होती. नवरा गेल्यावर गाई विकून ती ऑकलंडला राहायला आली, तीही योगायोगानं नीलांबरीच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. बोलणं अस्सल इथलं. "हीप्स" म्हणजे पुष्कळ आणि "स्वीट ॲज" म्हणजे एकदम झकास, याशिवाय तिचं वाक्य पुरं होत नसे.

एक दिवस गोळ्यांची पिशवी घेताना तिनं काउंटरवरच्या कपाकडे पाहिलं. "तू रोज काय पितेस गं ते?"

"गरम पाणी."

"आजारी आहेस?"

एरवी नीलांबरीनं हसून विषय बदलला असता. त्या दिवशी दुकानात दुसरं कुणी नव्हतं आणि कुमिकोनं इतकं सरळ विचारलं होतं की तिनंही सरळ सांगून टाकलं. कुमिकोनं ऐकून घेतलं. अरेरे म्हटलं नाही. पुढच्या खेपेस तिनं काउंटरवर एक हिरवं पाकीट ठेवलं. "माझ्या भावाच्या मळ्यातलं. पिऊन बघ."

नीलांबरीनं घरी जाऊन आधण ठेवलं, खळखळून उकळलं, त्यात चमचाभर पानं टाकली, आणखी एक उकळी आणली, झाकण ठेवून मुरू दिलं आणि चांगलं दाबून गाळून घेतलं. पहिल्याच घोटाला जीभ मागे सरली. कडू जहर! किराइताचा काढा बरा. शंतनूनं एक थेंब चाखून नळ गाठला. नीलांबरीनं मात्र तो कप तळापर्यंत प्यायला. कित्येक महिन्यांत इतकी ठळक गोष्ट तिच्या तोंडात आली नव्हती.

"तुमचा चहा फार आवडला," तिनं कुमिकोला कौतुकानं सांगितलं. "काय कडू आहे! मला कळला तो."

कुमिकोचा चेहरा पडला. "कडू? केलास कसा?"

नीलांबरीनं सांगितलं. कुमिकोनं डोळे मिटले. तिच्या मागे उभ्या असलेल्या टोंगन आजोबांनी काळजीनं विचारलं, "ठीक आहे ना बाई?"

"नाही," कुमिको म्हणाली. "हिनं माझ्या भावाचा चहा मारला." मग नीलांबरीकडे बोट रोखून, "रविवारी घरी ये. उपाशीपोटी ये."

कुमिकोचं स्वयंपाकघर साधंच होतं. खिडकीत रग्बीच्या टीमचा मळका स्कार्फ, ओट्यावर विजेची किटली. कपाटातून तिनं एक मातीची लाल-तपकिरी चहादाणी काढली. तिचा दांडा मागे नव्हता, बाजूला होता, कढल्यासारखा. "हिला क्यूसू म्हणायचं," ती म्हणाली. शेजारी छोटे पांढरे कप मांडले, खेळभांड्यातले शोभावेत इतके छोटे.

"आता बघ. पाणी उकळायचं, ते बरोबर आहे तुझं. पण उकळतं पाणी पानावर घालायचं नाही. आधी ते कपात ओतायचं." तिनं ओतलं. वाफ वर आली. "आता थांबायचं."

"किती?"

"कप हातात धर."

नीलांबरीनं धरला आणि चटकन सोडला.

"म्हणजे अजून नाही. हातात धरवेल, पण खूप वेळ धरवणार नाही, असा झाला की पाणी तयार. तोवर पानं बघ."

पानं म्हणजे गडद हिरव्या बारीक सुया होत्या, चकचकीत. कुमिकोनं क्यूसूत त्या सढळ हातानं घातल्या. नीलांबरीला वाटलं, एवढ्यात आपल्या मंडळाचा चहा होईल. मग कपातलं निवलेलं पाणी हलकेच पानांवर सोडून कुमिकोनं झाकण ठेवलं आणि हात मांडीवर घेतले.

थोड्या वेळानं नीलांबरीचा हात आपोआप दांड्याकडे गेला. भांडं जरा हलवावं, झाकण उचलून ढवळावं, तेवढाच रंग उतरेल. कुमिकोनं तिच्या हातावर चापटी मारली. खरोखरची, आईनं मारावी तशी.

"हलवलंस की कडू होतो. ती आपणहून उघडतात. त्यांना घाई नाही, तुला का आहे?"

मग ती ओतायला लागली. एका कपात थोडं, दुसऱ्यात थोडं, पुन्हा पहिल्यात, म्हणजे एकाला पातळ आणि दुसऱ्याला दाट असं व्हायला नको. सगळं ओतून झालं असं नीलांबरीला वाटलं तरी कुमिकोनं क्यूसू उलटीच धरून ठेवली होती. थेंब पडला. मग आणखी एक. मनगटाला छोटासा झटका, आणि शेवटचा, दाट, हिरवा थेंब कपात उतरला. "सगळा जीव यात असतो. आणि आत पाणी ठेवलं तर पानं शिजत राहतात, मग दुसरा चहा गेला." तिनं झाकण किंचित सरकवून ठेवलं. "घे."

नीलांबरीनं घोट घेतला. चहा गरम नव्हता, कोमटाच्या जरा वरचा. वास अर्थातच नाही. ती गिळणार तेवढ्यात जिभेच्या दोन्ही कडा जाग्या झाल्या. गोड? गोड नव्हतं. खारटही नव्हतं. वरण शिजल्यावर वरचं निवळ पाणी वाटीत काढून त्यात तूप-मीठ घालून लहानपणी आई द्यायची, तसलं काहीतरी. कोवळ्या मटाराच्या सालीसारखं. ते जिभेवर पसरलं, गालांपर्यंत गेलं, आणि गिळल्यावरही जाईना. तिच्या तोंडाला पाणी सुटलं.

तोंडाला पाणी सुटणं म्हणजे काय, ते ती विसरून गेली होती. तिनं कप खाली ठेवला, पुन्हा उचलला.

"मला चव लागतेय," ती म्हणाली. आणि मग मराठीत, कुणालाच नाही असं, "अगं बाई, मला चव लागतेय."

"लागणारच," कुमिको म्हणाली. "तुझा तो मसाल्याचा चहा सगळा नाकाचा. आलं, वेलची, सगळं वासाचं. हा जिभेचा. तुझं नाक गेलंय, जीभ कुठे गेलीय?"

उमामी हा शब्द नीलांबरीनं पुस्तकात वाचला होता. खारट, गोड, आंबट, कडूच्या शेजारची पाचवी चव. परीक्षेत लिहिलाही होता. त्याची गाठ मात्र आज पडली. दुसऱ्या खेपेला कुमिकोनं पाणी जरा जास्त गरम घातलं आणि जवळजवळ लगेच ओतलं. तो चहा चुणचुणीत निघाला, किंचित तुरट, जेवणानंतर प्यावासा. तिसऱ्यानंतर उरलेल्या मऊ पानांवर तिनं सोया सॉसचे थेंब टाकले आणि दोघींनी ती पालेभाजीसारखी खाल्ली. त्या दिवशी घरी जाताना नीलांबरी मुद्दाम लांबच्या वळणानं गेली.

एकटीनं करायला घेतल्यावर मात्र चहा तिला बधेना. कधी पाणी घाईनं ओतलं आणि काढा झाला. कधी भीतीनं इतकं निवू दिलं की पानं आळसावून पडून राहिली. मसाल्याच्या चहाची सवय हातात मुरलेली. दाबल्याशिवाय, ढवळल्याशिवाय हातांना करमेना. शेवटी ती ओतून झाल्यावर हात पदराला पुसल्यासारखे स्वेटरला पुसायची आणि ते पाठीमागे बांधून उभी राहायची.

शंतनूला रोज चाखायला लागे. "शेवाळाचं पाणी," पहिल्या महिन्यातलं त्याचं मत. मग, "आज शेवाळ जरा बरं आहे." आणि एका शनिवारी सकाळी, पेपर वाचता वाचता, त्यानं रिकामा कप न बघता पुढे केला. "अजून आहे का गं?"

नीलांबरीनं कप भरला. त्या दिवशी फार्मसीत ती गुणगुणत होती, असं तिच्याबरोबरची मुलगी सांगते.

नाक नसल्यामुळे जीभ एकटीच कामाला लागली होती आणि तिला त्याचा सराव होत गेला. चहाचं एवढंसं पानही नीलांबरी आधी दातांखाली चावून बघायची, म्हणजे पाणी किती निववायचं त्याचा अंदाज येई. चहा करण्याआधी नुसतं पाणी चाखायची सवय लागली. घरचा नळ आणि फार्मसीचा नळ यांच्या पाण्यात फरक आहे हे तिला कळू लागलं. जुन्या किटलीतलं पाणी आणि नव्या किटलीतलं पाणी तर तिला डोळे मिटून ओळखू यायचं. ऋग्वेदानं एकदा आईची परीक्षा घ्यायची म्हणून कप मागेपुढे केले. "ओके, दॅट्स क्रीपी," ती म्हणाली आणि उरलेला चहा स्वतः पिऊन टाकला.

तिकडे जपानमध्ये वसंतात खुडलेला नवा चहा ऑकलंडला पोचतो तो ऐन थंडीत. तो आला की कुमिकोच्या ओळखीचे चहाप्रेमी एका रविवारी हॉल घेऊन जमतात. थोडं खाणं, थोड्या गप्पा आणि एक स्पर्धा. सगळ्यांना तीच पानं, तेच पाणी, तीच भांडी. प्रत्येकानं आपापला चहा करायचा. पडद्यामागे तीन जाणकार बसतात. कप कुणाचा ते त्यांना माहीत नसतं. चोवीस सालच्या हिवाळ्यात कुमिकोनं नीलांबरीला न विचारता तिचं नाव दिलं.

"माझं नाक—"

"नाक कुठे लावायचंय तुला? हात लागतात."

त्या दिवशी हॉलमध्ये चाळीस-पन्नास माणसं होती. जपानी कुटुंबं, त्यांचे इथले सगेसोयरे, चहाचा नाद असलेले गोरे, एक माओरी आजी नातवंडांना घेऊन आली होती आणि दारातल्या प्रत्येकाला "किया ओरा" म्हणत होती. शंतनू आणि ऋग्वेदा मागच्या खुर्च्यांवर बसले. प्रमुख जाणकार होते मोरियामा-सान. आयुष्यभर चहाच्या व्यापारात घालवलेले, शांत, सडपातळ. नीलांबरीच्या डावीकडच्या टेबलावर ब्रायन नावाचा निवृत्त शिक्षक होता. गेल्या वर्षी तोच जिंकला होता. माणूस मोकळा होता. त्यानं थर्मामीटर, काटा, घड्याळ ओळीनं मांडता मांडता तिला बिस्किट दिलं, आणि तिला वास येत नाही हे बोलता बोलता त्याला कळलं.

इथल्या हॉलांच्या स्वयंपाकघरात भिंतीवर पाण्याचा बॉयलर असतो, नळ फिरवला की उकळतं पाणी. सगळ्यांनी त्यातूनच पाणी घ्यायचं होतं. घंटा वाजली. नीलांबरीनं पाणी आणलं, कपात ओतलं, निवू दिलं आणि सवयीप्रमाणे एक घोट घेतला.

पाणी आंबट होतं.

फार नाही. लिंबाच्या फोडीनं कप पुसून घेतला असावा इतकं. तिनं दुसऱ्या कपातलं चाखलं. तेच. आजूबाजूला कुणी थर्मामीटर बघत होतं, कुणी पानं हुंगत होतं. पाणी कुणीच चाखत नव्हतं. ती कप घेऊन भिंतीशी उभ्या असलेल्या कुमिकोकडे गेली. कुमिकोनं घोट घेतला, तोंडात फिरवला.

"मला तर काही कळत नाही गं," ती हळूच म्हणाली. "घाबरली आहेस तू. जा, कर चहा."

नीलांबरी टेबलाशी परत आली. घड्याळ चालू होतं. कुमिकोला कळत नाही म्हणजे नसेलच काही. आणि असलं तरी? पाणी सगळ्यांना सारखंच. त्या आंबटपणाला सांभाळून चहा करणं तिला जमलं असतं. पानं जास्त, पाणी आणखी निवलेलं. बाकीच्यांचे कप बिघडले असते आणि तिचा बरा लागला असता. तिला हे सगळं एका क्षणात दिसलं. मग तिला खुर्च्यांखाली ठेवलेले कप दिसले, आणि "वा" म्हणणारे ते सांभाळून घेणारे चेहरे. आपल्याला त्या दिवशी कुणीतरी मोठ्यानं सांगायला हवं होतं.

"एक मिनिट," ती म्हणाली. आवाज तिला हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला. "थांबा सगळे. पाणी बरोबर नाही."

ब्रायननं थर्मामीटर खाली ठेवला. कुणीतरी बॉयलरचं पाणी हुंगलं आणि खांदे उडवले. ब्रायन हळुवारपणे म्हणाला, "बाई, पण तुम्हाला तर वास येत नाही ना?"

"नाही येत," नीलांबरी म्हणाली. "म्हणून मी चाखते. तुम्ही पण चाखा. आंबट आहे."

पडद्यामागून मोरियामा-सान बाहेर आले. त्यांनी नळाचं गार पाणी मागवून चूळ भरली. मग बॉयलरच्या पाण्याचा कप ओठांना लावला आणि पाणी जिभेवर धरून उभे राहिले. मागे खुर्ची करकरली. शंतनू उठून उभा राहिला होता.

मोरियामा-साननी पाणी गिळलं. "हॉलची देखभाल कोण बघतं?"

डब्यात सँडविचं भरत असलेला एक तगडा माणूस पुढे आला. हो, काल बॉयलर साफ केला होता. आत पांढरे थर जमतात, ते काढायला लिंबाच्या आम्लाची पावडर घातली होती. "नंतर एकदा धुऊन काढला मी. स्वीट ॲज असायला हवा."

"स्वीट नाहीये," मोरियामा-सान म्हणाले, आणि सगळा हॉल हसला. तो माणूसही हसला आणि किटल्या शोधायला पळाला.

सगळ्यांचे कप, चहादाण्या रिकाम्या झाल्या. नळाचं पाणी किटल्यांत भरून पुन्हा उकळलं. जाता जाता कुमिको नीलांबरीच्या कानाशी आली. "माझं चुकलं," एवढंच म्हणाली आणि भिंतीशी जाऊन ताठ उभी राहिली.

घंटा पुन्हा वाजली. नीलांबरीनं आता इकडेतिकडे पाहिलं नाही. पाणी चाखलं: गोल, स्वच्छ. एक पान दातांखाली धरलं. कोवळं होतं, आत साठवलेलं बरंच होतं. तिनं पाणी एका कपातून दुसऱ्यात ओतलं, म्हणजे एकेका ओतण्याला थोडी उष्णता जाते. कप तळहातात घेऊन ती थांबली. शेजारी पाणी पडल्याचे आवाज आले, दोघातिघांनी ओतलंसुद्धा. ती थांबली. आता. पाणी पानांवर कडेकडेनं सोडलं, झाकण ठेवलं आणि हात पाठीमागे बांधले. आतल्या सुया कशा सैलावत असतील, एक एक पान कसं पाय पसरत असेल, ते तिला बघितल्याशिवाय दिसत होतं. मग तिनं ओतलं, या कपात, त्या कपात, परत फिरून, आणि शेवटी क्यूसू उलटी धरून वाट पाहिली. थेंब. थेंब. मनगटाचा झटका, आणि तो शेवटचा, दाट.

ट्रे पडद्यामागे गेले. बराच वेळ नुसते घोट घेतल्याचे आवाज येत राहिले. मग एका कपाशी ते थांबले. जाणकारांची आपसातली कुजबुज बाहेर ऐकू आली. कुणीतरी तोच कप परत मागितला.

मोरियामा-सान बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात तो रिकामा कप होता. "आज सगळ्यांनी चांगला चहा केला," ते म्हणाले. "पण या कपातलं पान पूर्ण उघडलं होतं आणि त्याला कुठेही दुखावलेलं नव्हतं. आम्हा तिघांचं एकमत व्हायला एरवी भांडावं लागतं. आज भांडलो नाही." त्यांनी कपाखालची खूण वाचली. "हा नीलांबरी-सान यांचा."

पुढचं तिला नीट आठवत नाही. शंतनूनं शिट्टी मारली एवढं नक्की, कारण हॉलमध्ये शिट्टी मारणारा तो एकटाच होता. ऋग्वेदा खुर्च्यांमधून धावत आली आणि "आई, यू लेजंड!" म्हणून गळ्यात पडली, मग चक्क मराठीत, मोडकंतोडकं, "मला पण शिकव." ब्रायननं हात पुढे केला. "पाण्याचं तुम्ही बोलला नसतात तर मी काय दिलं असतं प्यायला, देव जाणे." कुमिको मात्र जागची हलली नव्हती. ती भिंतीला टेकून दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होती, आणि तिचा चेहरा इतका ओला होता की नीलांबरीनंच जाऊन तिला जवळ घेतलं.

मग लोकांनी मागणीच केली. दुसऱ्या खेपेचा चहा हिच्याच हातचा हवा. रांग लागली, टेबलापासून थेट दारापर्यंत. नीलांबरीनं स्वेटरच्या बाह्या वर सारल्या. पाणी जरा गरम, थांबणं कमी, ओतणं तसंच. माओरी आजींनी कप दोन्ही हातांत घेतला, प्यायल्या, आणि परत रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या. कपांची तंगी पडली तेव्हा कुमिको सिंकशी जाऊन कप विसळायला लागली, आणि ब्रायन ते पुसून आणून देऊ लागला.

नीलांबरीचं नाक अजून परत आलेलं नाही. कधीतरी एखाद्या सकाळी साबणाची किंवा ओल्या गवताची पुसट चाहूल लागते आणि जाते. त्याची ती आता वाट बघत बसत नाही. वजन भरलंय. रविवारी तिच्याकडे मंडळातल्या चारपाच बायका जमतात, कप हातात धरतात, चटका बसला की ओरडतात आणि वाट बघायला शिकतात.

यंदाच्या थंडीत मोरियामा-साननी तिला फोन केला. या वेळी तिचं नाव स्पर्धेत नको, म्हणाले. नीलांबरीला वाटलं, काही चुकलं का? "पडद्यामागे एक खुर्ची रिकामी आहे," ते म्हणाले. "आम्हाला तुमची जीभ हवी आहे."

ती गेली. तीन खुर्च्यांतली मधली तिला दिली होती. समोर ट्रे आला, छोटे पांढरे कप ओळीनं. तिनं चूळ भरली, पहिला कप उचलला, घोट जिभेवर धरला आणि डोळे मिटले.

"यानं जरा घाई केली," ती म्हणाली, "पण हात चांगला आहे."

आणि दोन्ही बाजूंच्या जाणकारांनी मान डोलावली.